ऊलाँगचं पहिलं पाणी

आत्याबाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी काल चहा गाळताना सासू म्हणून तुमच्यावर आलेला तो जुना राग पुन्हा वर आला. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, मी चिमूरकडच्या तुमच्या घरात नवी होते. कलकत्त्याला गोदीत कामाला असलेल्या माझ्या भावाने चिनी दुकानातला चहा आणला. ऊलाँग. तुम्ही डब्याचा वास घेतलात नि म्हणालात, "हा चहा व्हय का? ना धड हिरवा, ना धड काळा." भावाने सांगितलं तसंच मी केलं. दूध नाही, गूळ नाही, पानं चुलीवर उकळायची नाहीत. आधणाचं पाणी उतरवून पानांवर ओतायचं, ते पहिलं पाणी लगेच फेकायचं, पानं धुतली जातात. मग पुन्हा ओतायचं नि प्यायचं. तीच पानं तीन-चारदा चालतात.

मी पहिलं पाणी अंगणात फेकलं आणि घात झाला. आपल्याकडे पहिलं पाणी फेकतात ते रानातल्या कडू कंदाचं, त्यात विष उतरतं म्हणून. तुम्ही चुलीपाशी आलात. "काऊन फेकलंस वो पोरी? का होतं त्याच्यात?"

"धूळ."

"धुराळा असता तं थंड्या पान्यानं धुतला असता!"

मी दुसरं पाणी ओतलं. तेवढ्यात पेल्यातली आवळलेली पानं उलगडून अख्खी झाली, तशा तुम्ही हातभर मागे सरलात. तुमचा मुलगा पेला उचलायला गेला, तर त्याचं मनगट धरलंत. "माह्या पोराले आधी नाई." आणि स्वतः घोट घेतलात, डोळे माझ्यावर रोखून. मग ऊन छपराच्या कवेलूंवरून अंगणात उतरेपर्यंत ओट्यावर पोट चाचपत बसलात, नवा कंद खाऊन तो बाधतो का हे पाहत बसतात तशा. आत मी रडत होते. या घराने मला जहर घालणारी ठरवलं, असंच वाटत होतं. शेवटी तुमचा आवाज आला, "बरा हाय. दे त्याले."

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायची हिंमत होते आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात तुम्ही रानातून मुळ्या खणून आणल्यात, सात दिवस काढा करून दिलात. रोज विचारायच्या, "पेली का?" मी हो म्हणायची. आत्याबाई, मी एक घोटही घेतला नाही. तुम्ही त्यात काही घातलं असेल या भीतीने सगळा मोरीत ओतला.