डावीकडचा मसाल्याचा डबा

असोदा,
शनिवार, १९ ऑक्टोबर

चि. पुनमला अक्काचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तूही धुळ्याला बरी असशील असं धरून चालते, कारण फोनवर तू खरं सांगत नाहीस. मी तरी कुठे सांगते म्हणा.

पत्र बघून दवाखान्यातल्या पोरी तुला चिडवतील. दात उपटायच्या जागी बहिणीचं पत्र कसं आलं म्हणतील. चिडवू दे. घरातला फोन डिंपलच्या अभ्यासाला जातो, आणि सासूबाईंना ऐकू कमी येतं म्हणून कुणाचाही फोन आला की तो स्पीकरवर लागतो. मग आपण दोघी पाऊस, कापूस आणि तब्येत यापलीकडे जात नाही. म्हणून मुद्दाम दवाखान्याच्या पत्त्यावर लिहिते आहे.

बातमी अशी की मी स्वयंपाकघर नव्याने लावायला काढलं आहे. तुझ्या भाऊजींनी आधीच बजावलं की भिंत पाडायची नाही आणि ओटा हलवायचा नाही. सासरे हयात असताना उभं राहून बसवून घेतलेला कडप्पा आहे तो, त्याला हात लावायची माझी काय टाप. आहे त्या जागेत काय करायचं ते कर म्हणाले.

तुला आमचा ओटा माहीत आहे. खिडकीपाशी गॅस, पार दुसऱ्या टोकाला मोरी, मधे माठ आणि देव. लग्न होऊन आल्यापासून मी भाजी एका टोकाला धुते, खाली बसून चिरते आणि दुसऱ्या टोकाला फोडणीला टाकते. ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ कोठीच्या खोलीत, तवा मोरीखाली, परात माळ्यावर. एक भाकरी थापायची तर घराला प्रदक्षिणा. इतकी वर्षं हे असं का, हा प्रश्न मला पडला नाही याचंच आता हसू येतं.

आता मोरीपाशी धुणं आणि चिरणं, उभ्यानेच, सुरीने. विळी माळ्यावर गेली. माठाजवळ परात, पीठ आणि मीठ. गॅसपाशी तेल, सांडशी, तवा. मसाल्याचा डबा गॅसच्या डावीकडे. रोज लागतं ते हाताशी, सणावाराचं वर. बिबड्या-कुरडयांचे पत्र्याचे डबे सगळ्यात वर. सासूबाई पलंगावरून सगळं बघत असतात आणि ज्याची त्याची जुनी जागा मला सांगत असतात, जणू ती मला ठाऊकच नव्हती.

अक्कल माझी नाही. जळगावच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, सगळं खाली आणून ठेवा. ती गाठ काढल्यापासून हात सुजतो, बाकी काही नाही. डॉक्टर समाधानी आहेत. पुढच्या तपासण्या दिवाळीनंतर.

फळ्या भाऊजींनीच ठोकल्या. ठिबकच्या दुकानातला माणूस, नळ्या आणि पट्ट्या कापण्यात पटाईत. फळी पाण्यासारखी सपाट बसवतात, पण मीठ कुठल्या डब्यात ते त्यांना अजून माहीत नाही. परवा मी पडून होते तर स्वतः चहा केला आणि त्यात मीठ घातलं. मला उठवायला नको म्हणून तसाच प्यायले. मला दुसऱ्या दिवशी डिंपलने सांगितलं.

एक विचारायचं होतं. तू तुझ्या खोलीवर करतेस तेव्हा तेल कुठे ठेवतेस? आणि उभी राहिलीस की तुझा हात आरामात कुठवर पोचतो? आपल्या आईने डाव्या हाताने लाटते म्हणून तुला किती लाटणी दाखवली, तरी तू डावखुरी ती डावखुरीच राहिलीस. आणि बुटकीही. सहज विचारते आहे.

भाऊबीजेला बोदवडला नवीनकडे येशीलच. भावाला ओवाळून झालं की एक दिवस इकडे ये. भरताची वांगी निघायला लागली आहेत.

तुझी
मोहिनी अक्का


असोदा,
रविवार, १७ नोव्हेंबर

चि. पुनम,

तू येऊन गेलीस आणि घर कितीतरी दिवस तुझंच नाव घेत होतं.

अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलीस, आत आलीस, आणि मला एकदाही विचारलं नाहीस की तेल कुठे, शेंगदाणे कुठे, मिरच्या कुठे. हात टाकलास तिथे वस्तू होती. डिंपल तुझ्या ओढणीला धरून मागे मागे. मी दाराशी खुर्चीवर आणि सासूबाई पलंगावर. त्या दिवशी त्यांनी कुठल्याच डब्याची जुनी जागा सांगितली नाही, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. सगळ्यांनी बोटं चाटली. तुझे भाऊजी तर पान वाढून घ्यायला दोनदा ओट्यापर्यंत आले, जे एरवी जागेवरून ताट पुढे सरकवतात.

तू धुळ्याच्या गाडीत बसलीस आणि इकडे मी मेथी निवडत होते. सासूबाई अगदी मायेने म्हणाल्या,

"मोहिनी, डावा हात तुहा उठत नाही, आन् मसाल्याचा डबा तू डावीकडे ठेवला. मी समजली व माय. मोठं मन लागते त्याले. पुनम आली म्हंजे पोरीले सावत्र माय नको पाह्यले."

मला राग आला असं लिहायला आवडलं असतं. पण राग आला नाही, कारण त्यांनी मला बरोबर पकडलं होतं.

आता पुढचं बसून वाच. तपासण्या दिवाळीनंतर व्हायच्या नव्हत्या, आधीच झाल्या होत्या. ते यकृतात गेलं आहे. भाऊबीजेला माझे डोळे पिवळे बघून तू कावीळ का म्हणालीस, मी हो म्हटलं. डॉक्टरांनी आता सुया बंद केल्या आणि घरी आराम करू द्या म्हणाले. डॉक्टर आराम शब्द ज्या आवाजात म्हणतात तो आवाज तू दवाखान्यात ऐकला असशील.

आणि दुसरं त्याहून वाईट. ते स्वयंपाकघर मी माझ्या हातासाठी लावलंच नाही. पहिले काही डबे लावले माझ्यासाठी, मग माझ्यानंतर कोण, हा विचार आला, आणि डोळ्यापुढे तूच आलीस. डिंपलला तुझा लळा. तू एकटी. मग फळ्या तुझ्या उंचीला घेतल्या, मसाला तुझ्या हाताला ठेवला. मी मेल्यावर तू माझ्या नवऱ्याची बायको होऊन तिथे उभी राहायचीस, हे मी ठरवून टाकलं, आणि विचारलं काय तुला, तर तेल कुठे ठेवतेस.

यावलच्या सासरी तुला साखरेचा डबासुद्धा परवानगीने उघडावा लागायचा. तिथून तू निघालीस तेव्हा नवीन म्हणाला परत जा, मी म्हटलं नको जाऊस. आता धुळ्यात देवपूरच्या त्या एका खोलीत टेबलावर शेगडी आहे, आणि तू कधी रांधलंस, काय रांधलंस हे कुणाला सांगायचं नसतं. भाऊबीजेला तू त्या शेगडीबद्दल जितकं बोललीस तितकं बायका दागिन्याबद्दल बोलत नाहीत. आणि मी तुझ्यासाठी दुसऱ्या घराचा ओटा सजवत होते. थू माझ्या शहाणपणावर.

काल सगळं उलटं केलं. डबा उजवीकडे नेला. फळ्या काढून भाऊजींच्या उंचीला लावून घेतल्या. का ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांना मी स्वयंपाक शिकवणार आहे. वरण, भात, कळण्याची भाकरी, एक भाजी. पुरुषाच्या हाताला ओटा चावत नाही. सासूबाईंनी तोंड फिरवलं आहे, फिरवू दे.

फोनवर यातलं काही बोलू नकोस. रडूही नकोस, स्पीकर असतो.

तुझी
अक्का


असोदा,
मंगळवार, १० डिसेंबर

पुनम, माझ्या बाई,

अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. उशीला टेकून लिहिते आहे. हे पत्र शेजारची रत्ना जळगावला जाताना टाकेल, तिला तेवढंच सांगितलं आहे.

शिकवणं सुरू झालं होतं. मी खुर्चीवर, ते ओट्यापाशी. पहिली भाकरी तव्यापर्यंत जाताना फाटली, दुसरीचा नकाशा झाला. डिंपल हसून लोळली. मीही हसले, पोट दुखेपर्यंत, आणि मग ते दुखतच राहिलं. नंतर भाकरी गोल यायला लागली. वरण तर माझ्याहून बरं. मला वाटलं, जमलं. मी खरंच निवांत झोपले त्या दिवशी.

मग त्यांचं ओट्यापाशी येणं कमी झालं. दुकानात गिऱ्हाईक आहे, पाइपाची गाडी आली आहे. डबा बाहेरून यायला लागला. मागच्या आठवड्यात नवीन आणि वहिनी मला बघायला आले. माझ्यापाशी थोडा वेळ बसले आणि अंगणात सासूबाईंपाशी बराच वेळ.

ते गेल्यावर मी यांना म्हटलं, आज भाजी टाका, मी सांगते. ते खाटेपाशी बसले, माझा सुजलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाले,

"कशाले शिकू मी आता? पुनम येईनच ना."

कुणी सांगितलं, असं मी विचारलं. आईने, नवीनने. पुनमला विचारलं का म्हटलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, तिचं तरी कोण आहे तिकडे. आणि पुढे म्हणाले की तूच तर सगळं तिच्या हाताला येईल असं लावलं होतंस, मला वाटलं तुझीच इच्छा.

अमृत वाईट माणूस नाही. नाव घेऊन लिहिते आहे, पहिल्यांदाच. माझी ओकारी त्याने उपसली आहे, माझे केस गळाले तेव्हा उशीवरून ते रोज गोळा करून मला दिसू न देता नेले आहेत. त्याने तुला कधी मारलं नसतं. पण तुला विचारावं लागतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. माझ्याही नव्हतं शिरलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडू शकले नाही.

आता त्यांचं कसं ठरलं आहे ते सांगते. मला झोप लागली असं समजून वहिनी दारात उभी राहून बोलली. माझ्या गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटताना, सगळे नातेवाईक जमलेलेच असतील. जेवणं झाली की सासूबाई डिंपलला तुझ्या मांडीवर बसवतील आणि नवीन चार वडीलधाऱ्यांसमोर विषय काढेल. तू रडत असशील. रडणाऱ्या बाईने मान हलवली की आपल्याकडे तो होकार होतो.

तू आली नाहीस तर काय होईल, तेही मला दिसतं आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेले. बाहेरचा डबा किती दिवस चालेल. सासूबाईंनी आताच डिंपलला कणीक मळायला बसवायला सुरुवात केली आहे आणि तिचा हात गॅसपर्यंत पुरावा म्हणून पाट शोधून ठेवला आहे. चौथीतली पोर. मी आजच अमृतला समोर बसवून सांगितलं की माझ्या पोरीला ओट्यापाशी उभं केलंस तर मी तुला माफ करणार नाही. त्याने हो म्हटलं. त्याचा हो कसा असतो ते मला माहीत आहे, समोर असेल त्याला तो हो म्हणतो, आणि मी समोर असणार नाही.

हे सगळं माहीत असून लिहिते आहे. माझी पोर एकीकडे आणि तू एकीकडे, आणि मी आई असून तुझ्या बाजूने लिहिते आहे, याचं मला काय होतं आहे ते विचारू नकोस. पोरीसाठी बहीण देऊन टाकायची, हे मी एकदा करून बसले होते. पुन्हा नाही करायचं.

डिंपलला जवळ ठेवावंसं तुला वाटलं तर तिला धुळ्याला ने. सुटीत ने, शाळेला ने, तुला झेपेल तेव्हा. तुझ्या दारात तिला येऊ दे. तू या दारात यायचं नाहीस.

नवीनचा फोन येईल. लगेच निघ म्हणेल, गाडी पाठवतो म्हणेल. बसू नकोस त्या गाडीत. माझं तोंड बघायला येऊ नकोस. दहाव्याला नाही, गंधमुक्तीला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. सख्खी बहीण मातीला आली नाही असं सगळा गाव म्हणेल, म्हणू दे, मी तर ऐकायला नसेन. मला तू माहीत आहेस. डिंपलने मावशी म्हणून एकदा हात धरला की तुझ्या तोंडून नकार निघणार नाही. म्हणून लांबूनच नाही म्हण. आतून कडी लाव आणि तुझ्या खोलीत हवं तेवढं मोठ्याने रड.

मी आहे तोवर ये, असंही लिहिणार नाही. कालपासून ती ओळ चारदा मनात आली. आलीस तर हे लोक तुला परत जाऊ देणार नाहीत, अक्काचं बघ म्हणतील, आणि अक्काचं बघता बघता तू इथलीच होशील.

दारात कुणाची चप्पल वाजली की मी अजून मान वळवते. ते मनावर घेऊ नकोस.

तुझी वाट बघणारी, तरी येऊ नकोस म्हणणारी,
अक्का