गुरुवारची मागची खोली

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. प्रणाली आली नाही. तिचं नर्सिंगचं होस्टेल सावंगीला, घरापासून सायकलवर वीस मिनिटं. दिवाळीलाही आली नव्हती. आईला, म्हणजे वंदनाला, फोनवर म्हणाली, "बाबा पेऊन राह्यले तोवर मी घरी येत नाई." वंदना तिळगुळाचा डबा घेऊन एकटीच जाऊन आली. मी दुकानात. पाण्याच्या मोटरचं वायंडिंग करायला घेतलं, बारीक तार दोनदा तुटली. हात थरथरतात. दुपारी घेतली तेव्हा थांबले. आणि म्हणे दारूबंदीचा जिल्हा!
पोरीचं चूक नाही.

१६ जानेवारी, गुरुवार
आज जे केलं ते लिहितानाही कान तापताहेत.
दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी चिठ्ठी दिली होती. नालवाडी, समाजमंदिर, गुरुवारी सात. दारू सोडणाऱ्यांची सभा. तोंडाला दुपट्टा गुंडाळून गेलो. हॉलमध्ये सतरंजीवर पंधरावीस माणसं, खंजिरी, भजन. वाटलं, आधी प्रार्थना असेल. शेवटच्या रांगेत बसलो, टाळ्याही वाजवल्या. तासभर भजनच. मग एक म्हातारबाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "नवे दिसता भाऊ. काई बोलता का?"
आपली पाळी आली. उठलो. दुपट्टा काढला. "मी विलास. मले दारू सुटत नाई."
सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खंजिरीवाला तर माझं गिऱ्हाईक निघाला.
बाबा म्हणाले, "बसा. तुमचे लोक मांगच्या खोलीत हायेत. आमचं भजनी मंडळ हाय." घरी येऊन चिठ्ठी उलटून पाहिली. मागे लिहिलेलं, 'मागची खोली'.
पण भजनवाल्यांपैकी कोणी हसलं नाही. बाबांनी आधी चहा पाजला, मग हाताला धरून मागे नेलं. तिथली सभा संपली होती, खुर्च्या उचलणं चालू होतं. तिथे मात्र पोट धरून हसले. गजाननभाऊ (आठ वर्षांपासून घेत नाहीत) म्हणाले, "आमी सगळे चोरावानी मांगच्या दारानं येतो, अन् तू पुढं जाहीर करून आला!"
मीही हसलो. किती महिन्यांनी.

१७ जानेवारी
दूधवाल्यापर्यंत बातमी गेली. वंदनाला म्हटलं, आता तोंड कुठं लपवू?
"पेत होते तवा लोकाइले मालूम नवतं का? कोंबडं झाकलं म्हणून उजाडाचं राह्यते काय?"
खरंच, आता लपवायचं काही उरलं नाही. त्या म्हाताऱ्या बाबांचे उपकार.

३० जानेवारी, गुरुवार
माझा तिसरा गुरुवार. कोणी उपदेश करत नाही, हे फार बरं. आपापलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. एक गवंडी मोठ्याने रडला, कोणी "रडू नको" म्हटलं नाही. आज पंधरावा कोरडा दिवस.

९ फेब्रुवारी, रविवार
मावसभावाचं लग्न. घेतली. खूप.

१० फेब्रुवारी
वंदना बोलत नाही. गजाननभाऊंना फोन केला. वाटलं, झापतील. "पडला तं पडला. आजपासून पुन्हा एक मोज. गुरुवारी येजो." एवढंच.
कोरडा दिवस १.

२ मार्च
दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण गुंडाळली. एकदाही तार तुटली नाही. वंदनाला दुकानात बोलावून दाखवलं. तिला त्यातलं काय कळतं, पण बराच वेळ पाहत उभी राहिली.

१४ मार्च, शुक्रवार
धुळवड. आमच्या लोकांना वर्षातला सगळ्यात अवघड दिवस. म्हणून मंडळी या दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत मागच्या खोलीतच राहतात. बाहेर डीजे, आत बेसनाच्या पाटोडीचा रस्सा. मी कांदे चिरले. भजनवालेही जेवायला आले. दुपारी दोनच्या सुमारास अंगातून अशी काही ओढ उठली की दारापर्यंत गेलो. गवंडी मागून आला, पायरीवर माझ्याजवळ बसला. तासभर बसलो दोघे. मग आत येऊन भांडी घासली.
दिवस ३३. या माणसांचं मी काय फेडणार?

४ एप्रिल, शुक्रवार
प्रणालीचा फोन. आईला नाही, मला! "रविवारी जेवाले येऊ का?" मग तिने विचारलं, "मी आली अन् तुमी घेऊन असले तं?"
शपथ घेणार होतो. किती घेतल्यात आजवर, तिच्याच डोक्यावर हात ठेवून. म्हटलं, "बेटा, रविवारचं मले सांगता येत नाई. आज घेतली नाई."
मला वाटलं, आता ती फोन ठेवणार.
"ठीक हाय. मी रविवारी सकाळी फोन करते, तवा सांगजा."

५ एप्रिल
घेतली नाही. दुकान लवकर बंद केलं, गजाननभाऊंकडे जाऊन बसलो.

६ एप्रिल, रविवार
सकाळचे सात. घेतली नाही. फोन अजून नाही.
वंदना स्वयंपाकघरातून विचारते आहे, भाजी किती जणांची करू?
म्हटलं, तिघांची कर.