निळ्या अस्तराची हकिगत

आळे, ता. जुन्नर
११ मे २००४

तीर्थस्वरूप पारसभाऊंना धाकट्या जिनेशचा पाया पडून जय जिनेंद्र. सुरतेची हवा, भाभींचे गुडघे आणि तुमचा नवा एसी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे बाईची (चार वर्षांत भेट नाही म्हणून खुलासा करतो, बाई म्हणजे आपली आई उगमबाई) तब्येत चांगली आहे. फोनवर मी हॅलो म्हणायच्या आत तुमच्या सूचना सुरू होतात, म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

विषय, तुम्ही पाठवलेला पोहण्याचा तलाव. मुलींना गावाकडे कंटाळा येतो, तलाव असला तर सुट्टीत नक्की येतील, हे तुमचं गेल्या वर्षीचं बोलणं बाईनं मनावर घेतलं आणि मी मळ्यात खड्डा खणून भिंती बांधल्या. आत तुमचं निळं प्लॅस्टिकचं अस्तर बसवलं. कापडाच्या दुकानात जन्म गेलेल्याला अस्तर काय शिकवता, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. अस्तराची जाड किनार भिंतीवरच्या पट्टीच्या खाचेत अडकते आणि बाकीचं सगळं पाण्याच्या वजनानं जागेवर राहतं, म्हणून तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये, असं तुमच्या पुस्तिकेत ठळक इंग्रजीत छापलं आहे. आपला मळा बघणाऱ्या हौशीरामला इंग्रजी येत नाही, एवढीच काय ती अडचण.

मी दुकानातलं कापड घेऊन बेल्ह्याच्या आठवडी बाजाराला गेलो होतो. विहीर तळाला गेलेली, टोमॅटो माना टाकतोय आणि इथं एवढं पाणी नुसतं बसून आहे, हे हौशीरामला बघवेना. त्यानं मोटर लावली आणि अख्खा तलाव टोमॅटोला पाजला. जाब विचारला तर म्हणाला, "शेट, पाणी काय शोभंला असतंय व्हय? आन् ज्यांच्यासाठी ठेवलं व्हतं त्या पोरी तर आल्याच न्हाईत." याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर कळवा. (टोमॅटो मात्र झकास आला आहे.)

दोन दिवसांच्या उन्हानं अस्तर आकसलं, एका बाजूची सगळी किनार खाचेतून सुटली आणि ते नाडी तुटलेल्या पायजम्यासारखं खाली येऊन बसलं. तुम्ही फोनवर पुण्याचा माणूस बोलावण्याचा सोपा सल्ला दिलात. पुण्याचा माणूस म्हणाला, पुढच्या महिन्यात येतो (कोणत्या वर्षीच्या, ते बोलला नाही). मग मी आळेफाट्यावर ट्रॅक्टरच्या टायरचं पंक्चर काढणारे गेणभाऊ आणले. रबरातलं तालुक्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. त्यांनी तलावाला दोन प्रदक्षिणा घातल्या, अस्तराला कान लावला आणि पंक्चर कुठंय ते विचारलं. पंक्चर नाहीच म्हटल्यावर बिचाऱ्यांचा चेहरा पडला. पण चहा झाल्यावर त्यांनीच तोड काढली. तळाला वीतभर पाणी सोडायचं, वरून कढत पाणी ओतत अस्तर मऊ करायचं आणि दोघांनी ताणून किनार खाचेत दाबायची. हेच तुमच्या पुस्तिकेतही आहे, असं मला नंतर दिसलं.

कढत पाण्याला आपल्या घरी काय तोटा? जन्मभर उकळलेलं पाणी पिणाऱ्या बाईनं हां हां म्हणता चार हंडे चुलीवर चढवले. मी पहिली बादली उचलली आणि अस्तराच्या मागून एक बेडूक बोलला. मग दुसरा. ओल्या सावलीत त्यांनी वसाहतच केली होती. बाई माझ्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभी राहिली. "जीव आहे तिथं कढत पाणी पडणार नाही," एवढंच म्हणाली. मग काय, मी, हौशीराम आणि गेणभाऊ, तीन बाप्ये मऊ फडकी घेऊन दुपारपर्यंत बेडूक धरत होतो आणि विहिरीच्या पाटात नेऊन सोडत होतो. बाई मोजत होती. एकूण त्रेपन्न भरले (पण सोडलेले परत येत असल्यामुळे काहींची गणती दोनदा झाली असावी). तोवर हंडे गार झाले. पुन्हा जाळ घातला. अखेर पोटऱ्या भाजून घेत, एकमेकांना शिव्या न देता (बाई समोर होती) आम्ही किनार बसवली. खाच सैल होती तिथं जुन्या लग्नपत्रिकांच्या घड्या ठोकल्या. तुमची पत्रिका कोपऱ्यात लागली आहे आणि सगळ्यांत घट्ट तीच बसली, हे भाभींना आवर्जून सांगा.

टँकरनं तलाव भरून आज आठ दिवस झाले. अस्तर तसूभर हललेलं नाही. आता दुसरी सबब शोधायला तुमच्याकडे चार-सहा दिवस आहेत, तेवढ्यात निघा.

आपला आज्ञाधारक आणि सध्या कमरेत वाकलेला भाऊ,
जिनेश

ता. क. एक सांगायचं राहिलं. पाण्यात टाकायच्या औषधाचा डबा मी काल उघडला आणि बाईनं तो हातातून काढून घेतला. पायऱ्यांपाशी बेडकीनं अंडी घातली आहेत. पिल्लांना पाय फुटून ती आपापल्या वाटेनं जाईपर्यंत पाण्यात औषध नाही आणि माणूसही नाही. तोवर शाळा सुरू होतील. थोडक्यात, तलावात पोहता येणार नाही.

ता. क. दुसरा. तरीही या. बाईनं टीना आणि जागृतीसाठी पोहायचे दोन फ्रॉक शिवून ठेवले आहेत, दुकानातल्या निळ्या कापडाचे. माप कुठून घेतलंस म्हटलं, तर कोठीच्या चौकटीवर मुलींच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, त्यावरून. त्या रेघा तुम्ही चार वर्षांपूर्वी मारल्या होत्या. फ्रॉकांची घडी ती रोज मोडते आणि पुन्हा घालते. ते मुलींना होणार नाहीत, हे सांगायचं माझ्या जिवावर येतं. तुम्ही मुलींना तिच्यासमोर उभं करा, म्हणजे कुणालाच सांगावं लागणार नाही.