करंगळीकडचं हाड

आदरणीय कल्याण दाजी यांना हरिओमचा बदनापूरहून रामराम.

हे पत्र लग्न झाल्याबरोबर लिहायचं होतं. आधी हात प्लास्टरात होता, मंग प्लास्टर निघालं तर पेन सापडेना, आणि पेन सापडला तेव्हा मी हिंगोलीला गेल्तो (का गेल्तो ते आता सांगता येत नाही, एकाच्या गाडीत जागा होती). तुमची तब्येत बराबर असंल. मावशींचे, म्हणजे तुमच्या आईंचे, गुडघे पावसाळ्यात जास्त दुखतात म्हणे, त्यांना जिने चढू देऊ नका. साखर कारखाना सध्या बंद म्हणजे तुमच्या सगळ्या मशिनी खोलून पसरल्या असतील. मला ते बघायला लई आवडतं. पण ते राहू द्या.

फोन केला असता. पण माझा आवाज ऐकला की अर्पिता फोन तुमच्याकडं देती, तुम्ही "बोल बोल" म्हणता, आणि मागून ती "ठेवा आता" म्हणती ते मला बिलकुल साफ ऐकू येतं. म्हणून लिहून राह्यलो. तिला वाचून दाखवा. हातात देऊ नका, फाडील.

सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी मांडवात का नव्हतो, हे तुम्हाला नीट कुणीच सांगितलं नसणार. त्यासाठी मनगटापासून सुरुवात करावी लागते. मागच्या साली मी बँजोच्या टेम्पोवरून पडलो (वरात कुणाची होती माहीत नाही, आपण वाजणाऱ्याच्या मागं जाणारे). मोडलेलं मनगट डॉक्टरला न दाखवता एका हाड बसवणाऱ्याकडून कामट्या बांधून बसवून घेतलं. बसलं, पण आखडून बसलं. हाताला दोन हाडं असतात, एक अंगठ्याकडचं, एक करंगळीकडचं. माझं अंगठ्याकडचं जुळताना बुटकं झालं, त्यामुळं करंगळीकडचं लांब पडलं आणि मनगटातल्या बारक्या हाडांवर धडका मारू लागलं. ओला टॉवेल पिळला की डोळ्यात पाणी. नळ, पाना, कुलपातली किल्ली, काही म्हणता काही फिरवता येईना. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, लांब झालेल्या हाडाची एक चकती कापून काढू, दोन्ही तोंडं जुळवून पट्टी-स्क्रू लावू. आई म्हणाली, कापता कशाला, बुटकं हाय ते वाढवा की, पोराचं हाय तेच कमी करता का. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

लग्नाला अवकाश होता, तवर हात मोकळा होईल या हिशोबानं मी ऑपरेशन उरकून घेतलं. मंग तुमच्याकडच्यांनी तिथ अलीकडं ओढली (हे मी दोष म्हणून सांगत नाही). म्हणजे हळदीच्या दिवशी मी गळ्यात हात अडकवून. तरी तिथवर सगळं ठीक होतं. माझी चूक एकच, की कापलेली चकती मी मागून घेतली होती. आपल्याच अंगातली वस्तू, टाकून कशी द्यायची? सुपारीच्या खांडाएवढी, पांढरी. औषधाच्या बाटलीत ठेवून पाहुण्यांना दाखवत होतो. बायका "अगं बाई" म्हणायच्या, मला बरं वाटायचं.

लग्नाच्या दिवशी सकाळी बाटली पुंजाराम काकांच्या हातात गेली. काका म्हणजे आमच्याकडचं शेवटचं कोर्ट. म्हणाले, "लग्नघरात अस्थी?"

मी म्हटलं, "काका, माणूस जिता हाय."

"माणूस जिता हाय रे, पण हाड तर मेलं ना?"

दाजी, याला उत्तर काय? नवरीच्या अंगाला हळद आणि घरात हाड, म्हटल्यावर आई घाबरली. म्हणाली, जल्दी शहागडला जा, गोदागंगेत सोड, अक्षता पडायच्या आत ये. अर्पिता तेवढी म्हणाली, "न्हाई गेला तर काय होतं?" पण नवरीचं कोण ऐकतं?

मी येणारच होतो. पण अंबडच्या पुढं टरबुजांचा ट्रक पालथा झाल्ता आणि ड्रायव्हर एकटाच रस्त्यावर टरबुजांमागं पळत होता. आता एका हातानं किती उचलणार, तरी जीपमधून उतरलो. मंग घाटावर गुरुजी भेटले. त्यांनी बसवलं, दर्भ दिला, विचारलं, "मयताचं नाव?"

"हरिओम."

"तुमचं?"

"हरिओम."

"नातं काय?"

मी म्हटलं, जवळचंच. तेव्हा त्यांनी दर्भ परत घेतला. जित्या माणसाचं शास्त्रात बसत नाही, म्हणाले, आणि बसवलंच तर पिंडाला कावळा कसा शिवंल, तू तर समोरच बसलायस! मंग आम्ही दोघं पोथी धुंडाळत बसलो. गुरुजी सज्जन होते, चहा पाजला.

परत आलो तेव्हा मांडवाची कापडं सोडत होते. तुमचा कान राजानंदनं पिळला, सख्खा भाऊ असताना चुलत भावानं. पोशाख त्याला मिळाला, त्याचं दुःख नाही. आईनं नंतर सांगितलं, गाडीत बसल्यावरही अर्पितानं गाडी चालू करू दिली नव्हती. तुम्ही घड्याळ बघत होता म्हणे. शेवटी ती म्हणाली, "त्याला माझ्यापेक्षा हाड जवळचं." आणि गेली.

हात आता दुखत नाही. टॉवेल कडकडीत पिळतो. पण पिळताना ते वाक्य आठवतं.

मावशींना नमस्कार. तुम्हाला घड्याळ बघायला लावल्याबद्दल माफी.

तुमचा,
हरिओम

ता. क. १. खरं काम हे, की पंचमीला मुराळी म्हणून तिला न्यायला मला येऊ द्यावं, एवढं तिच्या गळी उतरवा. पिशवीही मीच धरीन. डॉक्टरांनी गाडी चालवायला अजून परवानगी दिलेली नाही, म्हणून परत येताना गाडी तुम्ही चालवा, ती मधे बसंल, मी मागं बसून मुराळी होतो.

ता. क. २. हाड अजून घरातच आहे, देवाच्या फडताळात. पोथीत निघेना म्हणून खिशात घालून आणलं. आई रोज त्या फडताळाला उदबत्ती ओवाळती, तिला माहीत नाही. अर्पिताला हे वाचून दाखवू नका.

ता. क. ३. दाजी, थांबा. दारात अर्पिता उभी आहे. एकटी, बसनं आलेली, पिशवी खांद्याला. पंचमी तर अजून लांब आहे! तुम्हाला सांगून आली का? आई विचारती, कुणी न्यायला नसताना कशी आलीस, तर म्हणती, "याची वाट बघितली असती तर माझी पोरंच मला घेऊन आली असती." अजून चप्पल काढली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "हात दाखव."