ठासणीच्या बंदुकीची निरवानिरव

मी, राजसी महेंद्र म्हसकर, वय सव्वीस, वाचनालयात साहाय्यक, राहणार शिवमंदिर परिसर, अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. पुढील आठवड्यात तिच्यावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने ती नेहमीची आहे. परंतु माझ्या नावावर एक बंदूक असल्यामुळे मागे गोंधळ ठेवून जाणे मला योग्य वाटत नाही. हे लिहिण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट, लिहू नये असेच सर्वांचे म्हणणे होते.

कलम १. बँकेतील शिल्लक व सोन्याची साखळी आई सरस्वती हिला द्यावी. तिने तो पैसा माझ्या नावाने पंगती उठवण्यात घालवू नये, गुडघ्यांवर उपचार करून घ्यावेत.

कलम २. माझी सर्व पुस्तके मैत्रीण ऋतिका, राहणार चिखलोली, हिला द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती वकिलाच्या कचेरीत काम करते आणि माझ्यापेक्षा मोठ्याने बोलू शकते. माझ्या नातेवाइकांसमोर या दुसऱ्या गुणाची अधिक गरज पडेल.

कलम ३. माझे आजोबा कै. बाळाजी म्हसकर यांची एकनळी ठासणीची बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे आहे. ती नातीकडे कशी गेली, हा प्रश्न माझे काका रामभाऊ प्रत्येक लग्नात विचारतात. त्याचे उत्तर येथे नोंदवते.

आमच्या घरी दसऱ्याला बंदूक रिकामी देवापुढे मांडत नसत. पूजेआधी तिच्यात दारू ठासायची आणि दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन बार काढायचा, असा रिवाज होता. एका दसऱ्याला आजोबांनी ती पहाटेच भरून ठेवली होती. काकांचा मुलगा जितेश याने, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून, न विचारता ती पुन्हा भरली. नळीत ठासणीचा गज सोडून पाहिला असता तर गजावरची रिकाम्या नळीच्या मापाची खाच बाहेर राहिली असती आणि बंदूक भरलेली आहे हे कळले असते. त्याने पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांनी बार काढला, तेव्हा दस्ता फुटला आणि त्यांचा उजवा कान कायमचा गेला. त्यांनी दस्ता दुरुस्त करून घेतला आणि आपल्यामागे परवाना मला मिळावा, असा अर्ज दिला.

मी कारण विचारले. ते म्हणाले, "तू खूण बघितल्याशिवाय पुढचं पान वाचत नाहीस. मला तेवढंच माणूस पाहिजे."

परवाना शाखेतील साहेबांनी मला पाहून, सोबत कोण आले आहे, असे दोनदा विचारले. मी दोनदा, कोणी नाही, असे सांगितले. दुसऱ्यांदा ते त्यांना ऐकू गेले.

कलम ४. ही बंदूक जितेशला देऊ नये. तो वाईट नाही. उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि माझ्या आईला दवाखान्यात न्यायला रिक्षाच्या आधी तो पोहोचतो. परंतु आजोबांनी तरुणपणी, शिकारबंदीचा कायदा येण्यापूर्वी, भेकरे म्हणजे लहान हरणे मारली होती, आणि त्या गोष्टी त्याने फार लक्ष देऊन ऐकल्या आहेत. गणपतीत तो माझ्याकडे बार पेटवणाऱ्या टोप्या मागायला आला.

"ताई, चारच दे ना. भेकरू म्हणजे काय वाघ आहे का? एक गेलं तर जंगल को क्या फरक पडतंय?"

मी म्हटले की परवाना शेतापुरता आहे आणि भेकराने आमच्या शेतात कधी पाऊल टाकलेले नाही.

"तू ना, बंदुकीवर पण पुठ्ठा चढवशील," असे म्हणून तो निघून गेला. मोदक मात्र खाऊन गेला.

कलम ५. माझ्या पश्चात बंदूक, टोप्या व दारू ऋतिकाने ताबडतोब पोलीस ठाण्यात जमा करावी. त्यानंतर माझी आत्या बनूबाई हिने परवान्यासाठी अर्ज करावा. बंदूक मी तिला देत आहे. बारवी धरणाच्या बाजूची आमची भातशेती आज फक्त तीच कसते. सध्या भात उभे आहे आणि रानडुकरे रोज येतात. आजवर या बंदुकीसाठी घरातल्या सर्व पुरुषांची नावे निघाली, जिचे पीक खाल्ले जाते तिचे निघाले नाही. मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मना मारायचा नाय कोनाला, पोरी. मना रातची झोप पायजे."

परवाना नाकारला गेल्यास बंदूक सरकारजमा करावी. जितेशच्या दुकानात शोभेला टांगू नये.

कलम ६. आत्यासाठी सूचना. आधी गज सोडून पाहावा. टोपी स्वतःहून घट्ट बसेल तीच निवडावी. सैल टोपी चिमटून बसवू नये. पावसाळ्यात दमट झालेली टोपी नुसतीच फुसकन वाजते आणि माणूस नळीत डोकावतो. डोकावू नये. दारू परवान्याच्या दुकानातली काळीच घ्यावी. फटाके फोडून काढलेली कितीही फुकट असली तरी वापरू नये. माप आजोबांच्या दारूच्या शिंगाचेच, त्यात वाढ नाही. गोळीची निवड सर्वांत सोपी आहे: घालू नये. काथ्याचा बोळा पुरतो. डुकरे आवाजाला पळतात, शिशाला नव्हे.

कलम ७. दसऱ्याबाबत. यंदा मी बंदूक देवापुढे रिकामी मांडली. नंतर माझ्या आजाराचे निदान झाले, तेव्हा काकांनी दोन्हींचा संबंध जोडला. झडप माझ्या जन्मापासून अरुंद आहे. बंदूक यंदाच रिकामी होती. क्रम लक्षात घ्यावा. यापुढेही ती रिकामीच मांडावी.

कलम ८. आजोबांनी भेकरांसाठी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या डब्यात शिल्लक आहेत. त्या आणि गोळ्या ओतण्याचा साचा यांवर जितेशचा डोळा आहे. साचा लोहाराकडून मोडून घ्यावा. गोळ्या जितेशने ऋतिकाच्या समोर वितळवून त्यांची जाळ्याला लावायची वजने करावीत, आणि ती सर्व त्यालाच द्यावीत. त्याला उल्हास नदीवर पाग टाकण्याची आवड आहे आणि त्याचे जाळे हलके पडते, अशी त्याचीच तक्रार आहे.

नंतर वाद नको म्हणून हा मसुदा मी त्याला आज वाचायला दिला. त्याने तो उभ्यानेच वाचला. कलम ४ वर हसला आणि कलम ३ वर परत गेला. मग कागद माझ्याकडे देत म्हणाला, "तू परत ये, ताई. एवढं शिसं मी एकटा कुठं वितळवत बसू?"

या वाक्याने कलम ८ मध्ये कोणताही बदल होत नाही. तो लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार म्हणून त्याची सही घेतलेली नाही. तो बाहेर थांबला आहे.

ठिकाण: अंबरनाथ
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२४

(सही) राजसी महेंद्र म्हसकर

राजसीने आमच्या देखत सही केली आणि तिच्या देखत आम्ही दोघांनी केली:
१. (सही) डॉ. विनीत राऊत, अंबरनाथ पूर्व
२. (सही) सगुणाबाई कैलास पवार, शेजारी