एकदाच विचारणारं शहर

माय, तुझी नात नोकरीला आहे त्या बर्लिनला मी दोन महिने राहून आलो. इथे वर्ध्यात जो तो विचारतो, कसं आहे, आणि मी सांगतो, मोठं आहे, स्वच्छ आहे. तुला खरं सांगतो. मला ते शहर काडीचंही आवडलं नाही.

रस्त्यावर लांबपर्यंत एक गाडी नसते, तरी दिवा लाल आहे म्हणून चांगली शहाणीसुरती माणसं पुतळ्यासारखी उभी राहतात. मी एकदा सरळ ओलांडून गेलो, तर एका म्हातारीने असं झापलं की भाषा न येताही सगळं कळलं. रविवारी खिळा ठोकायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणे. हे शेजारी कोण, तर जिन्यात हॅलो म्हणून दार लावून घेणारे. आणि संध्याकाळी गॅसच पेटवत नाहीत. थंडगार ब्रेड, वर चीजचा काप, बाजूला काकडी, याला ते जेवण म्हणतात. आपल्या वावरात मजुरालाही कोणी असलं देणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं, तेही तीन आठवडे आधी तारीख ठरवून. बटाटे होते आणि मशरूमचा दाट रस्सा. चव चांगली होती, ते नाकारत नाही. बाईंनी विचारलं, आणखी घेणार का? मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. त्यांनी भांडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मी बघतच राहिलो. तुझ्या हातून पाहुणा असा कधी सुटला होता? पातोडीची भाजी केलीस की ताटावर त्याने दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून रस्सा वाढायचीस. "खाय नं, लाजून काऊन राह्यला?" म्हणायचीस. आपल्यात पहिलं नको कोणी धरतच नाही. वर येऊन मी ओट्याशी उभा राहून घरून नेलेला चिवडा खाल्ला. पोरगी हसायला लागली.

"बाबा, तुम्ही नाही म्हटलं, त्यांनी ऐकलं. यात त्यांचं काय चुकलं?"

"माणुसकी नाई, हे चुकलं," मी म्हणालो.

पण जेवणासाठी मी हे लिहीत नाही. निघायच्या आठ दिवस आधी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडेच राहा ना आता. आई गेल्यापासून बोरगावच्या घरात तुम्ही एकटेच असता." माय, मला राहायचं होतं. ते शहर गेलं खड्ड्यात, पण सकाळी तिच्यासोबत चहा, संध्याकाळी तिची वाट पाहणं, एवढं मला हवं होतं. मी म्हटलं, "माह्यं काय काम इथं? मले नाई करमणार." ती बरं म्हणाली आणि पुढचा शर्ट उचलला. त्यानंतर आठही दिवस मी तिच्या आसपास घुटमळलो. बॅग भरायला उशीर केला, गुडघा दुखतो म्हणालो. विमानतळावर आत जाताना तीनदा मागे वळून पाहिलं. तिने हात हलवला, पण पुन्हा विचारलं नाही. शहराने माझी पोरगी बिघडवली, अशा शिव्या देत मी घरी आलो.

शिव्या अजून चालूच आहेत. पण तूही आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पोरीलाही दाखवायचं नाही, म्हणून पुढचं लिहितो. वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला आम्ही घर बांधलं, तेव्हा तू गावी आंजीला एकटी राहायचीस. तुला न्यायला मी आलो होतो. तू ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होतीस. मी म्हटलं, "चाल माय, आता आमच्याकडंच राह्यजो." तू म्हणालीस, "मले कायले नेतं बाप्पा, मी इथंच बरी." असं म्हणून सूप खाली ठेवलंस आणि माझ्याकडे पाहत राहिलीस. मी गाडीला किक मारली. तेव्हा मी नागपूरच्या पलीकडेही काही पाहिलं नव्हतं, माय. तरी तुला एकदाच विचारलं, आणि तू नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं.