चाली माझ्या, माकड तिचे

अंबड, नाशिक
दि. ४ ऑगस्ट २०२५

रा. रा. वाल्मीकराव गतीर यांस,
सा. न. वि. वि.

येथे सर्व क्षेम. आपल्या घरी माझी कन्या चि. तेजश्री सुखात आहे, तेव्हा त्याबाबत माझे काहीच म्हणणे नाही. म्हणणे बुद्धिबळाबाबत आहे. व्याह्यांतील तक्रार फोनवर केली की तिचे भांडण होते. म्हणून कागदावर करीत आहे.

गेली चार वर्षे आपण रोज दुपारी मोबाइलवर माझ्याशी खेळता. एका चालीस आपणास चहा उकळण्याइतका वेळ लागतो, आणि पुढे काढलेला घोडा आपण भिऊन मागे घेता. अलीकडे मात्र आपल्या खात्यावरून चाली तडातडा येऊ लागल्या. परवा मी हरलो. तेही सहन केले असते. परंतु पाठोपाठ नाचणाऱ्या माकडाचे चित्र आले. आपण माझे व्याही आहात. आपण मला माकड पाठवणार नाही. सबब आपल्या नावावर दुसरेच कोणी खेळत आहे. कोण, तेही मी जाणतो. चि. तेजल जशी आपली नात, तशी माझीही आहे.

मी आयुष्यभर कारखान्याच्या फाटकावर उभा राहिलो. हजेरीच्या यंत्रात दुसऱ्याचे कार्ड घालणारे महाभाग पुष्कळ पाहिले. पदवीधर लोक न वाचताच ‘मान्य’ दाबतात. माझे शिक्षण चौथीपर्यंत. पण या खेळाची नियमावली मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आहे. एका माणसाचे एकच खाते, आणि ते त्यानेच वापरावे.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या मोबाइलवरील स्पर्धेचा अंतिम सामना येत्या २४ तारखेस आपल्या दोघांत आहे. चषकावर खोटे नाव कोरले जाऊ नये, म्हणून मी खेळाच्या कंपनीकडे रीतसर तक्रार नोंदवली आहे.

लोभ आहेच; या पत्राने तो उणा होऊ नये.

आपला,
सावळीराम बोराडे

*

इगतपुरी
दि. ११ ऑगस्ट २०२५

श्री. सावळीरामजी बोराडे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचण्याआधी आपला पराक्रम पोहोचला. माझे खाते बंद झाले व अंतिम सामन्यातून नाव गेले. समोर कोणी नसताना जिंकण्याची संधी प्रत्येकाला मिळत नाही; अभिनंदन.

माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे तेजश्रीने आपणास कळवले होते. आपण फोनवर पथ्यही सांगितलेत, ते विसरलात असे दिसते. सध्या तेजल मला पट वाचून दाखवते, मी चाल सांगतो, ती बोट लावते. चाली लवकर येतात, कारण चष्मा शोधण्याचा वेळ वाचतो. आणि घोडा मी भिऊन मागे घेत नव्हतो; आपला उंट मला दिसत नव्हता. चाली माझ्या, माकड तिचे. मी ते पाहिलेले नाही, पण तिने वर्णन केले तेव्हा समर्पक वाटले.

हे पत्रही मी सांगतो आहे आणि ती लिहिते आहे. वाटल्यास टपाल खात्याकडे तक्रार करावी.

आता आपल्या नियमाविषयी. ‘नवशिका’ नावाचा कोणी खेळाडू मला रोज आव्हान देऊन माझा खेळ निरखतो. प्रत्येक डावाआधी तो लिहितो की, महोदय, सामन्यास प्रारंभ करावा, ही विनंती. स्वल्पविराम जागच्या जागी. बाकीचे जग तिथे नुसते ‘हाय’ लिहिते. तेजलने पहिल्याच दिवशी ओळखले आणि म्हणाली की, हे तर अंबडचे आजोबा, राहू द्या, त्यांना गंमत वाटते आहे तर वाटू द्या. मी राहू दिले. फाटकावर उभे राहणाऱ्याने स्वतःच्या खिशात दोन कार्डे ठेवू नयेत, एवढेच सुचवतो.

सुनेच्या माहेरचा मान राखून येथे थांबतो. लोभ ठेवावा, तक्रार ठेवली तरी चालेल.

आपला,
वाल्मीक गतीर

*

अंबड, नाशिक
दि. १७ ऑगस्ट २०२५

रा. रा. वाल्मीकराव यांस,
सा. न. वि. वि.

पत्र पावले. ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द शुद्ध लिहिला आहे, असे चि. तेजलला सांगावे. हल्ली ते कोणास जमत नाही.

‘नवशिका’ हे खाते माझेच. सरावासाठी उघडले होते. नियमावलीत सरावास सवलत आहे काय, हे पुन्हा वाचून पाहिले. नाही.

बोट तेजलचे असले तरी डोके आपले होते. म्हणून आपल्याविरुद्धची तक्रार मागे घेतो, असे कंपनीस कळवले. उत्तर यंत्राने लिहिलेले आले. त्याचे व्याकरण वाचवत नव्हते. अर्थ एवढाच, की बंद केलेले खाते पुन्हा उघडले जात नाही. असल्या लोकांच्या हाती बुद्धिबळ सोपवले आहे!

त्यानंतर मी स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली. माझी दोन्ही खाती बंद झाली. तो नियम तेवढा त्यांनी बरोबर लावला. चषक आता तिसऱ्या क्रमांकावरील, गंगापूर रोडच्या निवृत्त प्राध्यापकांकडे जाईल. ते डावाच्या आरंभीच वजीर बाहेर काढतात, लगेच गमावतात आणि मग त्यावर व्याख्यान देतात.

तेजश्रीने फोनवर विचारले की, बाबा, चार वर्षांचा खेळ मोडून काय मिळवलेत? मी म्हणालो, नियम. जेवणानंतर हल्ली मला झोप येत नाही.

तरी २४ तारखेस सकाळच्या गाडीने लाकडी पट घेऊन इगतपुरीस येत आहे. पांढरी मोहरी आपली. चाल आपण सांगावी. बोट तेजलचे चालेल. मी एकटाच येईन, ‘नवशिका’ येणार नाही.

डोळा जपावा. लोभ समोर बसून मागेन.

आपला,
सावळीराम

ता. क. : ते माकड चि. तेजलने कागदावर काढून तयार ठेवावे. लागेल असे मला वाटत नाही.